गीतेला वगळावे की ठेवावे? ‘एकच प्याला’च्या एका अभिवाचनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्याला केला. या नाटकातील सिंधू बालगंधर्वांनी आणि सुधाकर गणपतराव बोडसांनी घराघरांत पोचवला, पण तो प्रयोग पाहणे लेखकाच्या वाट्याला आले नाही. सावनेर नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी हाकेच्या अंतरावर असल्याने नागपुरातील नाट्यप्रेमींना गडकऱ्यांविषयी एक वेगळी आपुलकी वाटते, आणि जानेवारी उजाडला की कुठे ना कुठे त्यांच्या नाटकांची उजळणी होते.

येथे मांडलेले प्रकरण अशाच एका उजळणीचे आहे. पश्चिम नागपुरातील एका हौशी गटाने गडकरी स्मृतिदिनानिमित्त ‘एकच प्याला’चे अभिवाचन करायचे ठरवले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दिग्दर्शक होते. गटात एक शाळेतील शिक्षिका, महाविद्यालयात शिकणारी काही मुले-मुली, पेटी वाजवणारे एक ज्येष्ठ काका आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीवर अनेक हंगाम काम केलेला एक नट असे लोक होते. संहितेचे संकलन आणि पात्रांविषयीची चर्चा हे काम माझ्याकडे होते. कोणाचीही ओळख उघड होऊ नये म्हणून सर्वांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेवरून किंवा कामावरून केला आहे.

सभागृह दीड तासासाठी मिळाले होते. पाच अंकांचे संगीत नाटक, पूर्वी रात्र-रात्र चालणारे, दीड तासात बसवायचे म्हणजे निम्म्याहून अधिक मजकुरावर काट मारावी लागणार हे उघड होते. दिग्दर्शकांनी संकलनाचा नियम सोपा ठेवला: सुधाकराच्या अधःपाताची रेषा सरळ दिसली पाहिजे आणि तिला जे थेट लागून नाही ते गाळायचे. गरिबीतून वर आलेला, बुद्धिमान पण मानी वकील; मुन्सफाशी झालेल्या चकमकीमुळे काही महिन्यांसाठी गेलेली सनद; त्या अपमानाच्या तडफडीत त्याचा कारकून तळीराम याने पुढे केलेला पहिला प्याला; तेथून थेट शेवटच्या विषापर्यंत. या रेषेवर सुधाकर, त्याची बायको सिंधू, तळीराम आणि गरजेपुरता रामलाल एवढीच पात्रे उरली. शरद आणि भगीरथ यांचे उपकथानक पूर्ण गेले. तळीरामाची बायको गीता दोन-तीन वाक्यांपुरती राहिली, तीही एखादी बातमी पोचवण्यासाठी. पदांपैकी ‘कशि या त्यजू पदाला’ एवढेच पूर्ण घ्यायचे ठरले.

वेळेचा हिशेब पाहता हे संकलन चुकीचे म्हणता येत नव्हते. कथा कुठेही तुटत नव्हती.

प्रश्न कसा उभा राहिला

पहिल्या सलग वाचनाच्या वेळी गटाने ओळखीच्या चार-सहा लोकांना ऐकायला बोलावले होते. सुधाकर आणि तळीराम यांचे प्रवेश रंगले. सिंधूचे प्रवेश मात्र जसजसे पुढे गेले तसतशी खोलीतली अस्वस्थता वाढत गेली. शेवटच्या प्रवेशात मरणाच्या दारातील सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते, तेथे सिंधू वाचणारी विद्यार्थिनी थांबली. वाक्य पूर्ण करून तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “सर, हे मला जमत नाही. मी हिच्या बाजूने वाचूच शकत नाही.”

ती चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. तिच्या भागात बायकांनी मोर्चे काढून दारूबंदी मागितली होती. ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आणि वर्ध्यात त्याहूनही आधीपासून दारूबंदी आहे. दारूड्या नवऱ्याच्या बायकोने काय करायचे असते याचे उत्तर तिने लहानपणापासून पाहिले होते, आणि ते सिंधूच्या उत्तराच्या अगदी उलट होते. त्यामुळे तिची अडचण अभिनयाची नव्हती, पात्राच्या समजुतीची होती.

दिग्दर्शकांचे मत असे पडले की, पात्र आजच्या मुलीला पटो वा न पटो, नटाने ते प्रामाणिकपणे उभे करावे. शिक्षिकेचे म्हणणे निराळे होते. त्या म्हणाल्या की, मूळ नाटक वाचताना सिंधू त्यांना कधी इतकी एकसुरी वाटली नव्हती. मग या संहितेतच असे काय झाले आहे? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. पात्र तेच, त्याची वाक्येही बहुतांश तीच, तरी ते निराळे दिसत असेल तर त्याच्या भोवतीचे काहीतरी निघून गेले असले पाहिजे.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात चार पर्यायांवर गंभीरपणे चर्चा झाली.

पहिला पर्याय सिंधूला सौम्य करण्याचा होता. तिच्या पतिभक्तीची सर्वांत टोकाची वाक्ये गाळावीत आणि तिला थोडी आजची करावी, असे काही तरुणांचे म्हणणे होते. माझा याला स्पष्ट विरोध होता आणि आजही आहे. गडकऱ्यांची सिंधू टोकाचीच आहे. ते टोक बोथट केले तर शेवटच्या अंकातील तिच्या खोट्या जबानीला काही आधारच राहत नाही, आणि श्रोत्यांना एका अर्धवट पात्राचा अर्धवट शेवट ऐकावा लागतो.

दुसरा पर्याय निवेदकाचा होता. प्रवेशांच्या मध्ये निवेदकाने येऊन शंभर वर्षांपूर्वीची स्त्रीची स्थिती सांगावी, आजचे कायदे सांगावेत आणि सिंधूचे वागणे आदर्श मानू नये असेही सुचवावे. हा पर्याय सोयीचा होता, आणि आयोजकांनाही तो आवडला असता. पण जे काम नाटक स्वतः करू शकते ते निवेदकावर सोपवले की श्रोता नाटक ऐकायचे सोडून निवाडा ऐकू लागतो.

तिसरा पर्याय रामलालला बळ देण्याचा होता. सुधाकराचा हा विवेकी मित्र त्याला वारंवार सावरू पाहतो. त्याचे प्रवेश वाढवले तर दारूविरुद्ध बोलणारा एक ठाम आवाज मिळेल आणि सिंधूवरचा ताण कमी होईल, असा दिग्दर्शकांचा विचार होता. यात तथ्य होते, पण त्यातून सिंधूचा प्रश्न सुटत नव्हता. रामलाल हा पुरुष आहे, शिकलेला आहे, घराबाहेर वावरणारा आहे. त्याच्या बोलण्याने सिंधूच्या न बोलण्यावर काहीच प्रकाश पडत नाही.

चौथा पर्याय शिक्षिकेने सुचवला: गीता परत आणायची. त्याची किंमतही त्यांनी लगेच सांगितली. दहा-बारा मिनिटे कुठून तरी काढावी लागणार होती.

प्रवेशांची वही

निर्णय घेण्यापूर्वी आम्ही सिंधू आणि गीता यांचा विरोध नेमका कशात आहे ते तपासले. परीक्षेच्या उत्तरात हा विरोध सहसा दोन रकान्यांत मांडला जातो: सिंधू सोशिक, गीता फटकळ, सिंधू सुसंस्कृत, गीता रांगडी, सिंधू परंपरेची, गीता बंडाची. ही विशेषणे खोटी नाहीत, पण त्यांच्या आधारे कोणता प्रवेश ठेवावा हे ठरवता येत नाही. म्हणून एक साधी वही केली. दोघींच्या प्रत्येक प्रवेशापुढे तीन गोष्टी लिहायच्या: या क्षणी तिला काय ठाऊक आहे, ते ती कोणाला सांगू शकते, आणि सांगितल्यावर किंवा न सांगितल्यावर ती प्रत्यक्ष काय करते.

वही भरू लागल्यावर पहिला धक्का सिंधूच्या बाबतीत बसला. सिंधू नाही म्हणत नाही, असे सगळे गृहीत धरून चालले होते. प्रत्यक्षात ती फार ठामपणे नाही म्हणते. पद्माकर, तिचा भाऊ, तिला या नरकातून काढून माहेरी न्यायला तयार असतो. माहेर श्रीमंत आहे, दार उघडे आहे, आणि ती जात नाही. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद आपण करुण म्हणून ऐकतो, पण प्रसंग पाहिला तर तो एक नकार आहे, आणि तोही ज्याच्यावर तिचे प्रेम आहे अशा माणसाला दिलेला. पुढे दळण-कांडण करून ती घर चालवते, म्हणजे तिच्यात कष्टाचे आणि निश्चयाचे बळ आहे. सिंधूला दुबळी म्हणणे त्यामुळे अवघड होऊन बसते. तिचा नकार सगळ्या जगासाठी आहे, फक्त नवऱ्यासाठी नाही, आणि तिची शोकांतिका नेमकी या एका अपवादात आहे.

गीतेच्या रकान्यातून दुसरी गोष्ट हाती लागली. गीता बोलते. नवऱ्याच्या दारूबद्दल, त्याच्या संगतीबद्दल, घराच्या वाताहतीबद्दल ती आडपडदा ठेवत नाही. कारकुनाच्या बायकोला जपण्यासारखी प्रतिष्ठा फारशी उरलेली नाही, हेही तिच्या मोकळेपणाचे एक कारण असावे. वकिलाच्या बायकोला घरातली गोष्ट बाहेर जाण्याची जी भीती असते ती गीतेला परवडण्यासारखी नाही. पण तिसऱ्या रकान्यात, म्हणजे या बोलण्याने काय घडते तेथे, जवळजवळ काहीच लिहिता येईना. तळीराम पितच राहतो. तो मरतो तो दारूनेच, गीतेच्या तोंडाला घाबरून तो एक घोटही कमी घेत नाही.

या दोन रकान्यांसमोर गट बराच वेळ बसून होता. ‘सिंधू गीतेसारखी असती तर वाचली असती’ हे वाक्य प्रत्येकाच्या मनात होते, आणि गडकऱ्यांनी ते वाक्य नाटकातच खोडून ठेवले आहे. एकाच व्यसनासमोर त्यांनी दोन बायका उभ्या केल्या, एक गप्प राहणारी आणि एक बोलणारी, आणि दोन्ही घरे दारूने खाल्ली. गीता नसेल तर सुधाकराच्या अधःपाताचा दोष श्रोता नकळत सिंधूच्या सोशिकपणावर ढकलतो. गीता असेल तर तो दोष ढकलायला जागा राहत नाही. तो प्याल्यापाशी आणि प्याला उचलणाऱ्या हातापाशी परत येतो. दारू एकदा लागली की का सुटत नाही हे सुधाकर स्वतः रामलालला सांगतो. त्या प्रसिद्ध भाषणाचा अर्थही या जोडीमुळेच पुरता लागतो.

सिंधू वाचणारी विद्यार्थिनी ही वही भरताना सर्वांत जास्त बोलली. तिने काढलेला एक मुद्दा मी मुद्दाम नोंदवतो. ती म्हणाली, “आमच्याकडच्या बायका जिंकल्या त्या एकेकट्या बोलल्या म्हणून नाही, पुष्कळ जणी एकत्र बोलल्या म्हणून. गीता एकटी आहे.” हे नाटकातले विधान नाही, पण गीतेचे बोलणे निष्फळ का ठरते याचे इतके नेमके कारण मी कोणत्याही समीक्षेत वाचलेले नाही.

गीता परत आणायचे ठरले. त्यासाठी आर्य मदिरा मंडळाचा, म्हणजे दारूबाजांच्या टोळक्याचा, प्रवेश अर्ध्यावर आणला आणि सुधाकराची दोन स्वगते आखडती घेतली. दिग्दर्शकांना हे जड गेले, कारण मदिरा मंडळाचा प्रवेश हमखास हशा घेतो. पण त्यांनी ते मान्य केले.

बोलीचा प्रश्न

गीतेची भूमिका काटोलकडच्या एका मुलीला दिली. तिसऱ्या तालमीला तिने आपण होऊन गीतेची वाक्ये घरच्या बोलीत म्हणून दाखवली. सगळे हसले, आणि झाडीपट्टीच्या नटाने सांगितले की, त्यांच्याकडे, वडसा-देसाईगंजच्या मंडळींमध्ये, अशी पात्रे बोलीतच ठेवतात आणि प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेतात. तरुणांना ही कल्पना फार आवडली. नागपुरात गडकरी वाचायचे तर त्यात नागपूरचा आवाज का नको, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

मी तोच प्रवेश पुन्हा दोनदा वाचायला सांगितला, एकदा बोलीत आणि एकदा छापील भाषेत, आणि ऐकणाऱ्यांना फक्त एवढेच विचारले की गीता काय सांगत होती. बोलीतले वाचन ऐकल्यावर बहुतेकांना तिचे ठसके आठवले. छापील भाषेतले वाचन ऐकल्यावर तिच्या घरात काय चालले आहे ते आठवले. आपल्याकडे नाटकात वऱ्हाडी बोली आली की ती विनोदासाठीच आली आहे असे श्रोत्यांचे कान धरून चालतात, आणि जोवर सिंधू प्रमाण भाषेत आणि गीता एकटीच बोलीत बोलते तोवर दोघींमधला विरोध शहरी आणि गावठी असा होऊन बसतो. वहीतून सापडलेला विरोध हा नव्हता. दोघीही बोलीत बोलल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. तो एक स्वतंत्र आणि करून पाहण्यासारखा प्रयोग आहे, पण पदांसह तो दोन आठवड्यांत बसणारा नव्हता.

गीता छापील भाषेतच ठेवली. मात्र त्या मुलीच्या बोलीतला वेग आणि वाक्याच्या शेवटी येणारा तोडून टाकल्यासारखा जोर तसाच ठेवायला सांगितले. तो तिला सहज जमला.

शेवटचा प्रवेश

फौजदारापुढील जबानीचा पेच गीता परत आल्यानेही आपोआप सुटला नाही. ते वाक्य कसे वाचायचे यावर दोन मते राहिली. दिग्दर्शकांना ते क्षमेच्या सुरात हवे होते, शांत आणि जवळजवळ देवघरात बोलल्यासारखे. विद्यार्थिनीने वेगळे मागितले. तिचे म्हणणे असे की, सिंधू आयुष्यभर खरे बोलत आली आहे आणि हे तिचे पहिलेच खोटे आहे. पहिल्यांदा खोटे बोलणाऱ्या माणसाचा आवाज शांत असणार नाही. ती ते वाक्य घाईने, फौजदाराला पुढचा प्रश्न विचारायला उसंत मिळू नये अशा रीतीने वाचू लागली.

मला तिचे वाचन अधिक खरे वाटले. पद्माकराला दिलेला नकार आणि हे खोटे यांत त्यामुळे एक धागा दिसू लागला: दोन्ही वेळा सिंधू काहीतरी ठरवून करते. तिचे ठरवणे आपल्याला पटत नाही, आणि पटू नये असेच मला वाटते, पण ते ठरवणे आहे. पात्र आपल्याला पटणे आणि पात्र आपल्याला कळणे या दोन गोष्टी त्या मुलीने तेथे वेगळ्या केल्या. “आता मी वाचू शकते,” असे ती म्हणाली, आणि पुढे “पण मी तिची बाजू घेणार नाही,” असेही. दिग्दर्शकांनी काही क्षण विचार करून तिचे वाचन स्वीकारले.

निष्पत्ती

अभिवाचन ठरल्या वेळेपेक्षा लांबले आणि आयोजकांनी शेवटची प्रश्नोत्तरे रद्द केली. सभागृहाबाहेर मात्र लोक थांबले. काही ज्येष्ठ श्रोत्यांना पदे फार कमी वाटली. ‘एकच प्याला’ आणि पद एकच, अशी त्यांची तक्रार होती, आणि संगीत नाटकावर प्रेम करणाऱ्याला ती नाकारता येणार नाही. गीतेला अपेक्षेपेक्षा कमी हशा आणि जास्त शांतता मिळाली. एका मध्यमवयीन बाईंनी गीता वाचणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितले. काय सांगितले ते तिने आम्हाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

सिंधूविषयी मत एक झाले नाही. अशा बायका आता कशाला दाखवायच्या, असे विचारणारेही होते. पण सिंधूमुळे सुधाकर बिघडला, किंवा तिने वेळीच तोंड उघडले असते तर पुढचे टळले असते, असे पहिल्या वाचनानंतर खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने म्हटले होते. या वेळी माझ्या कानावर ते आले नाही.

काय वेगळे करता आले असते

पात्रांची वही संकलनाच्या आधी करायला हवी होती. आधी कात्री आणि मग विश्लेषण या क्रमामुळे आठवडाभराचे काम दोनदा झाले, आणि गीतेसाठी जागा शोधताना सुधाकराच्या एका स्वगताला गरजेपेक्षा जास्त काट बसली. अंक आणि प्रवेशांची नुसती यादी समोर ठेवूनही प्रत्येक पात्राचे तीन रकाने दोन बैठकांत भरता येतात.

दुसरी उणीव रामलालची राहिली. शरद आणि भगीरथ गेल्यामुळे रामलाल निर्दोष उपदेशक होऊन बसला. मूळ नाटकात तो तसा नाही. बालविधवा शरदविषयी त्याच्या मनात जे डोकावते, आणि त्याला तो ज्या रीतीने तोंड देतो, त्यामुळे त्याचा सुधाकराशी असलेला विरोध खोल होतो: मोह दोघांनाही पडतो, एक त्यातून मागे वळतो आणि एक वळू शकत नाही. भगीरथ तर दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आहे. तो गेल्यामुळे दारू सोडून दाखवणारे एकमेव उदाहरण आमच्या संहितेत उरले नाही आणि सुधाकराचा शेवट ठरूनच आलेला वाटू लागला. काही श्रोत्यांनी नाटक फार निराशावादी आहे असे म्हटले. त्यांनी जे ऐकले त्यापुरते ते बरोबर होते.

दीड तासात दोन्ही जोड्या पूर्ण बसणार नाहीत. पुढच्या वाचनासाठी सभागृह दोन तासांचे मागितले आहे, आणि ते मिळो वा न मिळो, भगीरथाचा दारू सोडण्याचा भाग आणि रामलालच्या मनातील द्वंद्वाचा एक प्रवेश घ्यायचे ठरले आहे. त्याच्या बदल्यात मदिरा मंडळाचा उरलेला प्रवेश सोडायला दिग्दर्शक अजून तयार नाहीत. तो निर्णय वही पुन्हा भरून झाल्यावर होईल. या वेळी सुधाकर, रामलाल आणि भगीरथ यांचे रकाने सिंधू वाचणाऱ्या विद्यार्थिनीकडे दिले आहेत.